वाळ्यांसकट वजन

सोयाबीनची मळणी सुरू झाली की आमच्या भागात सगळ्यांची नाकं चोंदतात. लोहाऱ्याहून माकणीकडं जाताना दोन्ही बाजूंनी मळणीयंत्रं धडधडत असतात, भुसकटाचा धुरळा अंगावर येतो, आणि त्या धुरळ्यातून तुळजापूरला निघालेली माणसं चालत असतात. कुणाच्या पायांना फडकी बांधलेली, कुणाच्या गळ्यात कवड्यांची माळ, लेकरं बापाच्या खांद्यावर. नळदुर्गचे ढाबेवाले त्यांना बोलावून बोलावून फुकट चहा पाजतात. सगळं कसं आनंदाचं चाललेलं असतं, आणि मी आपली स्कूटीवरून जाताना खांद्यावरच्या प्रत्येक लेकराच्या पायांकडं बघत असते. नवरा म्हणतो, "झालं का तुझं दरवर्षीचं सुरू?" झालं, बाबा. मला हे दिवस असेच चढतात.

अंगणवाड्या तपासणं हे माझं काम. माझ्याकडच्या गावांपैकी एक गाव माकणीच्या धरणाजवळ आहे. नाव सांगत नाही, उगाच कुणाला तरी झोंबायचं. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गावठाण ते. रस्ते पट्टीनं आखल्यासारखे, घरं सगळी एकसारखी, नव्या सुनेला पहिले काही दिवस स्वतःचं दार सापडत नाही. भूकंपाच्या वेळी इतके परदेशी पाहुणे येऊन गेले, की आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना गोऱ्या माणसाचं नवल उरलेलं नाही. त्यामुळं त्या वर्षी परदेशातून पाहुणे येणार म्हटल्यावर गाव काही हललं नाही. हललो आम्ही. जगातल्या देशांनी मिळून गरिबी आणि भूक संपवायची म्हणून उद्दिष्टं ठरवलेली आहेत, त्यात आपला जिल्हा कुठवर आलाय ते बघायला पाहुणे येणार होते, आणि साहेबांनी मीटिंगमध्ये नेमकं हेच गाव पुढं केलं होतं.

मग काय विचारता! रस्त्याकडेची झुडपं तोडली, अंगणवाडीचं छप्पर डागडुजीला काढलं, उमरग्याहून पेंटर बोलावला. त्यानं भिंतीवर त्या जागतिक उद्दिष्टांच्या रंगीबेरंगी चौकटी काढल्या. पहिलीच चौकट लालभडक, तिच्यात मोठ्या अक्षरांत 'गरिबी नको'. तो रंगवत असताना सोजरबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन तिथं थांबली. सोजरबाई म्हणजे गावातली जुनी ऊसतोडकरीण. वयानं माझ्याएवढीच, पण शेजारी उभी राहिली की लोकांना माझी मावशी वाटेल. लग्न झाल्यापासूनचा प्रत्येक हिवाळा तिनं उसाच्या फडात काढला होता. सून आली तेव्हा कोयता सुनेच्या हातात दिला आणि ही घरी राहिली, कारण कंबर पार गेली होती.

"काय ल्हिवलंय वो बाई?" तिनं मला विचारलं.

"गरिबी नको."

"नको म्हणल्यावर जाती व्हय?" ती फिसकन हसली. "मंग आमी इतके दिस उगंच गप बसलो की!"

पेंटरही हसला. मीही हसले. खरं सांगायचं तर तेव्हा हसण्यासारखंच वातावरण होतं. कारण फरक पडलाय, खोटं कशाला बोलू? माझ्या आईची दोन लेकरं माझ्याआधी गेली, बारशापर्यंतसुद्धा टिकली नाहीत. आई ते पाऊस कमी झाला असं सांगावं तितक्या सहज सांगायची. शाळेत खाऊ म्हणून सुकडी मिळायची ती मी फ्रॉकच्या घोळात बांधून घरी न्यायची, रात्री घरातले सगळे वाटून खायचे. आज त्या गावात बाळंतीण दवाखान्यात जाते, घरोघरी गॅस आहे, नळ आहे, आणि नळाला पाणी यायचं तेव्हा येतंही. एखादं लेकरू गेलं तर वरपर्यंत उत्तर द्यावं लागतं. हे काही आपोआप झालेलं नाही, माझ्यासारख्या शेकडो बायांच्या चपला झिजल्यात त्यापायी. म्हणून कुणी "काही बदललं नाही हो या देशात" असं म्हणालं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आणि तरीही त्या आश्विनात एका पोरीनं माझी झोप उडवली.

अंगणवाडीत लेकरांचं वजन करतात. वयाच्या आणि उंचीच्या मानानं बरोबर असेल तर लेकरू हिरव्यात, कमी असेल तर पिवळ्यात, फारच कमी असेल तर लाल. लाल निघालं की धावपळ सुरू. धाराशिवच्या दवाखान्यात अशा लेकरांसाठी वेगळा वॉर्ड आहे, तिथं आईसकट ठेवून घेतात, औषध देतात, दर थोड्या वेळानं भरवतात. लेकरं उभी राहतात तिथं, मी डोळ्यांनी बघितलंय. पण दार फक्त लाल रंगाला उघडतं. पिवळ्याला सल्ला मिळतो.

पाहुण्यांच्या आधी तपासणी म्हणून गेले, तर तिथली सेविका रुकसाना फुललेल्या तोंडानं दारातच उभी. "मॅडम, इस बार एकबी लाल नै! सब देख लो." मोबाईलवर तिनं एकेका लेकराचा आलेख दाखवला. त्यात सोजरबाईची नात अंबू होती. दीड-पावणेदोन वर्षांची. बारीकच होती पहिल्यापासून, पण रेघ आपली हळूहळू वर चढत चाललेली. मी म्हटलं, छान. आणि तेवढ्यात ती अंबू रांगत आली आणि माझ्या मांडीवर चढून बसली.

मांडीवर काही आल्यासारखं वाटलंच नाही. पोर आहे की फडकं? मग तिनं पाय झाडले आणि माझ्या गुडघ्यावर असा दणका बसला की मी ओय करून ओरडले. बघते तर पायात अंगठ्याएवढे जाड भरीव चांदीचे वाळे. फ्रॉक वर केला तर कमरेला साखळीचा करदोडा, दंडाला ताईत, गळ्यात तांब्याच्या पत्र्यांची माळ. पोरीचं जे काही वजन होतं ते सगळं असं कडेकडेला बांधलेलं. मधली पोर नुसती कातडं आणि डोळे.

"रुकसाना, हे काढून वजन करायचं ना गं?"

"बुड्डी काढने देतीच नै, मॅडम. नवस का है. पहले कागदपर अंदाज से कम करके लिखते थे. अब मशीन जो बोलती, वोच मोबाईल में जाता."

सोजरबाईला बोलावून घेतलं. तिनं अगदी कौतुकानं सांगितलं. सुनेची, मनीषाची, आधीची दोन बाळं राहिली नव्हती. म्हणून तिनं तुळजापूरच्या आईला बोलून ठेवलं होतं, ही जगू दे, हिचं जावळ तुझ्या दारात काढीन, तोवर हिच्या अंगावर तुझे डाग-दागिने राहतील. "पयले वाळेच व्हते. मंग हिला जुलाब लागले, तवा करदोडा घातला. खोकला झाला तवा ताईत. गवर निघाली तवा ही माळ. दर बारीला आईनं राखली बगा."

मी रुकसानाच्या हातातला मोबाईल परत घेतला. रेघ जिथं जिथं वर गेली होती, तिथं तिथं पोर आजारी पडली होती. चांदी वाढत होती आणि अंबू आटत होती, आणि बेरीज करून आम्ही सगळे खूश होतो.

"आत्ताच्या आत्ता काढा ते सगळं," मी म्हटलं.

सोजरबाईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिच्या मुस्काटातच मारली. दसरा नुकताच झाला होता. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की देवी दमून पलंगावर निजते ती थेट पुनवेला उठते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. "मालकीण निजल्याली आसताना तिचे डाग उतरवायचे? बाई, तुमी शिकल्याल्या हाव. पर आसं बोलू ने. आई उटू द्या, पुनवंला जाऊ, मामाच्या मांडीवर जावळ काढू, मंग तुमी काय बी करा."

पुनवेपर्यंत थांबायला काय हरकत होती? हरकत होती ट्रॅक्टरची. अंबूचे आईबाप, मनीषा आणि बालाजी, दोघं जोडीनं ऊस तोडायला जाणार होते. आमच्याकडं नवराबायको मिळून एक कोयता धरतात, एकटा माणूस म्हणजे अर्धा, अर्ध्याला टोळीत कुणी घेत नाही. त्या वर्षी कारखान्याला घाई होती. मुकादम सांगून गेला होता की पुनव झाली की ट्रॅक्टर येणार, दिवाळी फडावरच करायची. कर्नाटकातल्या कुठल्याशा फडात पालापाचोळ्याच्या कोपीत ही पोर शिमग्यापर्यंत राहणार. तिथं तिचं वजन कोण करणार, तिला कोण भरवणार, जुलाब लागले तर कुठं नेणार? देवी निजलेली आणि मुकादम जागा, आणि मधल्या दिवसांत मला ही पोर लाल रंगात घालायची होती.

तिथूनच साहेबांना फोन लावला. साहेब काही वाईट माणूस नाही. कुणाच्या लग्नात भेटले तर पहिल्यांदा अंगणवाडीतल्या लेकरांचीच चौकशी करतील. पण त्यांच्या वर साहेब, त्यांच्याही वर साहेब, आणि सगळ्यांच्या वर ते पाहुणे.

"मॅडम, पाहुणे तोंडावर आलेत आणि तुम्ही लाल काढायला निघालात?"

"मी काढत नाही साहेब, ती आहेच लाल."

"मशीन काय म्हणतंय?"

"मशीन वाळ्यांसकट बोलतंय."

"मग दंडाचा घेर मोजायची पट्टी लावा की."

"लावली. काठावर आहे. जरा आवळली की लाल, जरा ढिली धरली की पिवळी."

मग ते हळूच म्हणाले, "मॅडम, जरा ढिली धरा. नंतर बघू." दवाखान्यात अंदाजानं पाठवता येत नाही, तिथं पुन्हा वजन करतात आणि दागिन्यांसकट पिवळी आली की परत पाठवतात, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी फोन ठेवला आणि रुकसानाला उगाचच ओरडले.

आता आठवलं की नवल वाटतं. अंबू लाल नसावी असं सगळ्यांनाच वाटत होतं. साहेबांना पाहुण्यांसाठी. मुकादमाला जोडी मोडू नये म्हणून. रुकसानाला तिच्या कामाला बट्टा लागू नये म्हणून. मनीषाला वाटायचं, पोर लाल म्हणजे आईचं दूध कमी, आईचं लक्ष नाही, चार बाया बोलणार. आणि सोजरबाईला तर देवीनंच नात राखली होती. सगळ्या जगाचं एका पोरीबद्दल एकमत झालं होतं, फक्त ती पोर तेवढी त्यात सामील नव्हती. वरती मोठमोठ्या सभांमध्ये गरिबी कमी झाली म्हणून आकडे वाचतात तेव्हा मला ते खोटे वाटत नाहीत. मला फक्त वाटतं की वजन करताना कुणी काय काय बांधलं होतं ते एकदा बघून यावं.

ते मधले दिवस काही केल्या सरेनात. रोज सकाळी मी कुठलं तरी निमित्त काढून त्या गावात जायची. घरी भाजी जळायची, नवऱ्याचा डबा राहायचा. शिवारात सगळीकडं सोयाबीनच्या गंजी, बायका डोक्याला फडकी बांधून कापणीवर, आणि मी लांबून ट्रॅक्टरचा आवाज आला की दचकायची. मुकादमाचा तर नाही ना? रुकसाना स्वतःच्या घरून खिमट शिजवून आणायची, तूप घालून, आणि अंबूला चमच्या चमच्यानं भरवायची. कधी चार चमचे जायचे, कधी एकही नाही. "खा ले मेरी मां, खा ले," म्हणता म्हणता तिचेच डोळे भरायचे.

एक दिवस गेले तर अंबूला पुन्हा जुलाब. डोळे खोल गेलेले, रडायलासुद्धा जोर नाही. साखरमिठाचं पाणी पाजत बसलो. आणि सोजरबाई आतून काय घेऊन आली? भोक पाडलेलं जुनं नाणं, काळ्या दोऱ्यात ओवलेलं. पोरीच्या दुसऱ्या दंडाला बांधायला. माझा तोलच गेला.

"अजून बांधा! अजून बांधा, सोजरबाई! आता एवढं बांधा की पोर जागची हलायलाच नको!"

गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. मनीषा रडायला लागली. सोजरबाई नाणं हातात धरून तशीच उभी, आणि मग मटकन खाली बसली. "बाई, दुसरं काय हाय माज्याकडं? तुमीच सांगा, दुसरं काय घालू तिला?" मी पाणी पाजत राहिले. पण नाणं तिनं बांधलं नाही, एवढं खरं.

पुनवेला तुळजापूर. ज्यानं ती गर्दी बघितली नाही त्याला सांगून कळायची नाही. सोलापूरकडून, कर्नाटकातून, आमच्या बाजूनं, रस्ते म्हणजे नुसती डोकी. गाडी अलीकडंच थांबवली, तिथून चालत. माझ्या पिशवीत अंगणवाडीचं वजनाचं मशीन, टॉवेलात गुंडाळलेलं. लोक नारळ-खण घेऊन देवीला निघालेले आणि मी काटा घेऊन. मनीषाच्या कडेवर अंबू, मान टाकून. बालाजी पुढं वाट काढतोय, सोजरबाई मागून "उदे गं अंबे उदे" म्हणत चाललेली, आणि मला दर पावलाला वाटतंय, ही पोर इथं आपल्या हातात जाते की काय.

त्यांच्या पुजाऱ्याच्या घरी ओसरीवर टेकलो. न्हावी आला, वस्तरा पाजळून बसला. "मामा कुठाय?"

मामाच नव्हता. मनीषाचा भाऊ ट्रकवर ड्रायव्हर. हैदराबादहून निघालाय, नळदुर्गपाशी अडकलाय, रस्ता माणसांनी भरलाय, गाडी हलत नाही. न्हाव्याला पुढं अजून जावळं होती, तो चुळबुळ करायला लागला. मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाच्या मांडीवर बसवा ना! बालाजी बसतोय." सोजरबाई नुसती मान हलवत राहिली. अंबूचे ओठ सुकले होते. मी बोट पाण्यात बुडवून तिच्या ओठांना लावत होते आणि दाराकडं बघत होते. बालाजीचा फोन वाजला की सगळे वळून बघायचे, आणि तो मुकादमाचा निघायचा. ट्रॅक्टर गावात पोचलाय, बिऱ्हाडं चढायलीत, तुम्ही कुठं आहात?

न्हावी उठलाच होता. तेवढ्यात मामा आला. ट्रक रस्त्याच्या कडेला क्लीनरच्या भरवशावर टाकून, दिसेल त्या गाडीला लटकत, शेवटी चालत. हात डिझेलनं काळे, शर्ट घामानं चिकटलेला. हातसुद्धा नीट न धुता त्यानं मांडी घातली आणि भाचीला घेतलं. घेतल्या घेतल्या त्यानं वर मनीषाकडं बघितलं. तिनं मान खाली घातली.

जावळ निघालं. अंबू रडलीसुद्धा नाही. सोजरबाईनं देवीचं नाव घेत एकेक डाग उतरवला आणि पदरात घेतला. वाळे, करदोडा, ताईत, माळ. पदराची झोळी झाली. मी ओसरीवर सपाट जागा बघून मशीन ठेवलं, टॉवेल अंथरला, आणि मनीषानं पोर त्यावर बसवली. गोटा केलेलं डोकं आणि काड्यांसारखे पाय.

लाल. अगदी लाल. वाद घालायला जागा नाही असं लाल.

काय सांगू, मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या! आयुष्यभर लेकरं लालमधून बाहेर काढायची म्हणून राबले, आणि त्या दिवशी एक लेकरू लालमध्ये गेलं म्हणून मी कळसाकडं बघून हात जोडले. मनीषा तोंडाला पदर लावून रडत होती. सोजरबाई मात्र रडली नाही. तिनं नातीचा उघडा घोटा दोन बोटांच्या चिमटीत धरला. चिमूट मिटली.

"येवढीशीच व्हती व्हय गं?" ती पुटपुटली. "आँ? येवढीशीच?"

तुळजापूरहून धाराशिव जवळ. गाडी मिळाली की लगेच दवाखाना. मी मशीन गुंडाळलं, म्हटलं, चला. कुणीच उठेना. मनीषा नवऱ्याकडं बघते, नवरा जमिनीकडं. मग तीच म्हणाली, "मॅडम, म्या दवाखान्यात बसल्यावर कोयता कसा?" आई वॉर्डात राहणार, मग परत येऊन लेकराला सांभाळणार, म्हणजे हा हंगाम तिचा गेला. बालाजी एकटा, म्हणजे अर्धा. अर्ध्याला ट्रॅक्टरमध्ये जागा नाही, आणि वर्षभराचं घर त्या जोडीवर चालणार. मी इतके दिवस वजनाच्या मागं धावत होते, या गोष्टीपाशी मी पोचलेच नव्हते. सरकारकडं पोरीसाठी वॉर्ड होता, आईसाठी त्या वॉर्डात खाट होती, पण फडात तिच्या जागी उभं राहील असं माणूस कुठल्याही योजनेत नव्हतं.

"म्या जाते," सोजरबाई म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. ती पदरातले डाग फडक्यात बांधत होती.

"आई, तुज्यानं व्हईल का?" बालाजी म्हणाला.

"तुज्या बापाबरुबर कोण जात व्हतं? तूच फडात जल्मलास की रं!"

"तुमची कंबर, सोजरबाई," मी म्हटलं. "मोळी उचलायची, गाडी भरायची..."

"कंबर ऱ्हाऊ द्या वो बाई. तुमी पोरीला घिऊन जावा. ती हिरवी व्हईस्तवर म्या वढते." आणि मग सुनेला, अगदी स्वयंपाकाचं सांगावं तसं, "मनीषा, माजी जुनी कापडं कुटं ठिवलीस? उसाचं पान लई कापतं."

मी तिला अडवलं नाही. कशाच्या जोरावर अडवणार? मला पोर वॉर्डात हवी होती. आम्ही धाराशिवच्या गाडीत बसलो, ती आणि बालाजी उलट्या बाजूला, गर्दीतून गावाकडं. खिडकीतून बघितलं तर लेकाच्या मागं कमरेवर हात ठेवून चालत होती. दुसऱ्या दिवशी रुकसानानं सांगितलं, ट्रॅक्टरवर बिऱ्हाडाच्या वर बसून गेली, आणि मुकादम म्हणाला म्हणे, कोयत्यापेक्षा म्हातारीच वाकडी आहे.

पाहुणे आले आणि गेले. नळदुर्गचा किल्ला बघण्यात त्यांचा वेळ गेला, आमच्या गावाला यायचं राहूनच गेलं. साहेबांनी धाराशिवला त्यांना पडद्यावर सगळं दाखवलं. कुणी काही वावगं केलं असं मी म्हणणार नाही. अंबू दवाखान्यात उभी राहिली. संक्रांतीपर्यंत पिवळ्यात आली, रुकसानाचं खिमट आता वाटी चाटून खायला लागली. शिमग्याच्या आसपास ती हिरव्यात गेली, आणि या वेळी अंगावर करदोड्याचा काळा दोरासुद्धा नव्हता. साहेबांनी माझं अभिनंदन केलं, लालमधून हिरव्यात आलेलं लेकरू म्हणून फोटो मागवला, चार ओळी लिहून मागवल्या. मी लिहिल्या. काय जेवली, कुठली औषधं घेतली, आई कशी सोबत राहिली, सगळं. आजीचं लिहायला जागा कुठं होती? आमच्या मोबाईलमध्ये लेकरं आहेत, गरोदर बाई आहे, बाळंतीण आहे, वयात आलेली मुलगी आहे. सोजरबाईच्या वयाच्या बाईला आमच्याकडं कुठला रंगच नाही.

पाडव्याच्या तोंडावर टोळ्या परतल्या. उन्हं चढली होती, मी गावातच होते. ट्रॅक्टर थांबला, बाया-बाप्ये उतरायला लागले. बालाजीनं आईला दोन्ही काखांत हात घालून खाली उतरवलं, हे मी बघितलं. तोंड काळंठिक्कर, हातांवर पानांचे चरे, चोळीच्या बाह्या नुसत्या लोंबत होत्या. पण डोळे दाराकडं. दारात अंबू, नव्यानं आलेले केस उभे, उघडे पाय, हातात भाकरीचा तुकडा. ती आजीला ओळखेना, आईच्या मागं दडायला लागली.

"ये गं माजी आई," म्हणत सोजरबाई वाकली आणि तिच्या काखांत हात घातले. उचललं. पोर वर आलीच नाही. सोजरबाईनं पाय रोवून पुन्हा जोर लावला, तरी नाही. मग ती तिथंच धुळीत फतकल मारून बसली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हसत ओरडली, "आगं मनीषा, लई जड झाली गं पोर! उचलंनाच की मला! बाई, बगा वो, किती जड झाली!"

गल्लीतल्या बाया हसल्या. मनीषा हसली. मीही हसले, काय करणार? अंबूचं वजन मी आदल्याच आठवड्यात केलं होतं. ती तेवढी जड नव्हती.